'पॅरासाइट'मधील बंगल्याविषयी खुलासा

दक्षिण कोरियन दिग्दर्शक बाँग जून-हो यांच्या 2019 सालच्या 'पॅरासाइट' या चित्रपटातील पार्क कुटुंबाचा आलिशान बंगला सोलमध्ये आजही उभा असून तो नामगुंग नावाच्या नामवंत वास्तुविशारदाने स्वतःसाठी बांधला होता, असा मजकूर छायाचित्रांसह फिरत आहे. तो चुकीचा आहे. नामगुंग हे पटकथेतील काल्पनिक पात्र असून, बंगला हा कलादिग्दर्शक ली हा-जुन यांनी उभारलेला सेट होता. तळमजला व बाग जोंजू शहरातील मोकळ्या जागेवर, तर वरचा मजला स्टुडिओत बांधला गेला. बागेकडे उघडणारी दिवाणखान्याची ती अवाढव्य काच चित्रचौकटीचा विचार करून आखलेली होती आणि जागा निवडताना ऊन कोणत्या बाजूने येईल हेही पाहिले गेले होते; इतक्या बारकाईमुळेच ते घर कुणालाही खरे वाटावे, यात नवल नाही.

चित्रपटात अर्धतळघरात, म्हणजे अर्ध्या जमिनीखालच्या घरात, राहणाऱ्या गरीब किम कुटुंबाची पुरात बुडणारी गल्लीही पाण्याच्या टाकीत रचलेली होती. मात्र तेवढ्यावरून तशी अर्धतळघरे खोटी ठरत नाहीत. सोलमध्ये 'बांजिहा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अशा घरांत हजारो कुटुंबे राहतात, आणि ऑगस्ट 2022 च्या अतिवृष्टीत त्यांपैकी एका घरात पाणी शिरून एकाच कुटुंबातील तिघींचा मृत्यू झाला, त्यानंतर तेथील महानगर प्रशासनाने अशी घरे टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे जाहीर केले.