‘थायरॉइडच्या पेशंटला अणुबॉम्बमधलं आयोडीन पाजतात’ वाला फॉरवर्ड

हा फॉरवर्ड परत फिरायला लागलाय. ज्यांना अजून आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: थायरॉइडच्या पेशंटला अणुबॉम्बमधलं आयोडीन पाजतात, त्याने केस जातात, मूल होत नाही, घरातल्यांना किरणं लागून कॅन्सर होतो, आणि एवढं करून गोळी आयुष्यभर चालूच, त्यापेक्षा समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल घ्या, नॅचरल आयोडीन. खाली ‘जास्तीत जास्त लोकांना पाठवा’ आहेच.

सुरुवातीलाच गडबड आहे. ‘थायरॉइडचा पेशंट’ म्हणजे नक्की कुठला? सकाळी उपाशीपोटी थायरॉइड हार्मोनची गोळी घेणारे बहुतेक जण हायपोवाले असतात, म्हणजे ग्रंथी कमी काम करते, त्यांना हे आयोडीन कोणी देत नाही. देतात ते उलट्या बाजूच्यांना, म्हणजे ग्रंथी जास्त काम करणाऱ्या हायपरवाल्यांना, ग्रेव्हज डिसीज (यात शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीला जास्त हार्मोन बनवायला लावते) किंवा मनमानी हार्मोन बनवणाऱ्या गाठी असतील तर, आणि पॅपिलरी, फॉलिक्युलर अशा थायरॉइड कॅन्सरमध्ये, तेही ऑपरेशननंतर आणि सरसकट सगळ्यांना नाही. मेड्युलरी कॅन्सरला तर याचा उपयोगच नाही कारण त्या पेशी आयोडीन घेतच नाहीत.

आता बॉम्ब. उपचारात देतात ते रेडिओअॅक्टिव्ह, म्हणजे किरणं सोडणारं आयोडीन, नाव आयोडीन-१३१. ते अणुस्फोटात तयार होतं हे खरंय, अणुभट्टीतही होतं. पण बोस्टनमध्ये डॉक्टर सॉल हर्ट्झ यांनी हायपरथायरॉइडच्या पेशंटला रेडिओअॅक्टिव्ह आयोडीन दिलं ते १९४१ मध्ये, सायक्लोट्रॉन नावाच्या, कणांना वेग देणाऱ्या यंत्रात बनवलेलं. बॉम्ब पडला १९४५ ला. तेव्हा बॉम्बमधला उरलेला माल पेशंटला पाजतात वगैरे कल्पना कुठून येतात देव जाणे.

यावर हमखास येणारा प्रश्न म्हणजे चेर्नोबिलचा अणुभट्टीचा अपघात. १९८६ नंतर तिथल्या मुलांना थायरॉइड कॅन्सर झाला तो याच आयोडीनने ना? हो, याच आयोडीनने, दूषित दुधातून. पण ती लहान मुलं होती, त्या वयात ग्रंथी फार नाजूक असते, आणि त्यांना मिळालेला डोस उपचाराच्या मानाने कितीतरी कमी होता. ऐकायला उलटं वाटेल पण मुद्दा तोच आहे, कमी डोसमध्ये पेशी मरत नाही, बिघडलेल्या अवस्थेत जगते आणि पुढे त्रास देते, उपचारात डोस इतका ठेवतात की पेशी मरावी. या आयोडीनमधून निघणारे बीटा कण (पेशी मारतात ते हेच) शरीरात जेमतेम एक-दोन मिलिमीटर जातात, आयोडीन मुख्यतः थायरॉइडच ओढून घेते, म्हणून नुकसान बरंचसं तिथल्या तिथे होतं.

बरंचसं म्हटलं, सगळं नाही. लाळेच्या ग्रंथीही थोडं आयोडीन घेतात, त्यामुळे जास्त डोसवाल्यांना गालाखाली सूज, कोरडं तोंड, चव बदलणं असे त्रास होतात, काहींना ते टिकतातही. ग्रेव्हजमध्ये डोळ्यांचा त्रास वाढू शकतो, सिगारेट ओढणाऱ्यांना जास्त. कॅन्सरसाठी मोठे डोस वारंवार घेतले तर दुसऱ्या कॅन्सरची शक्यता थोडी वाढते. फॉरवर्डवाल्याला घाबरवायचंच होतं तर हे लिहायचं, पण याबद्दल तिथे एक अक्षर नाही, आणि केस जातात म्हणे! ती किमोची ऐकीव गोष्ट इकडे चिकटवलीय. हार्मोन खालीवर झाल्यावर केस गळतात, ते थायरॉइडच्या कुठल्याही आजारात होतं.

मूल होत नाही हेही चूक. प्रेग्नन्सीत हे अजिबात देत नाहीत, कारण साधारण तिसऱ्या महिन्यापासून बाळाची थायरॉइड आयोडीन ओढायला लागते, अंगावर पाजत असाल तर आधी ते बंद करावं लागतं, आणि नंतर बायकांना सहा महिने ते वर्षभर थांबायला सांगतात. ‘थांबा’चं ‘कधीच नाही’ करून टाकलंय या लोकांनी.

घरातल्यांचं म्हणाल तर काळजी घ्यायची असते, म्हणूनच तर नियम आहेत. शिशाच्या जाड डबीतून कॅप्सूल येते, देणारा लांब उभा राहतो, पेशंट पाण्याबरोबर गिळतो, संपलं. बघून धस्स होतं ते कबूल. पण तो माणूस रोज हेच काम करतो म्हणून लांब राहतो, तुम्ही एकदाच घेताय. ग्रंथीत न गेलेलं आयोडीन मुख्यतः पहिल्या दोन दिवसांत लघवीवाटे जातं, म्हणून भरपूर पाणी प्यायचं, बसून लघवी करायची (पुरुषांनी पण), फ्लश दोनदा, झोपायचं वेगळं, लहान मुलं आणि गरोदर बाई यांच्यापासून लांब, किती दिवस ते डोसवर ठरतं. दर आठ दिवसांनी ते आपोआपही निम्मं होतं, ऐंशी दिवसांत हजारावा भाग, आणि उरतो झेनॉन वायू, जो रेडिओअॅक्टिव्ह नाही.

आयुष्यभर गोळी हे मात्र बहुतेकांच्या बाबतीत खरं. पण ऑपरेशन करून पूर्ण ग्रंथी काढली तरी तीच गोळी लागते, आणि नुसत्या औषधांवर वर्ष-दीड वर्ष काढलं तरी ग्रेव्हज साधारण निम्म्या लोकांना परत येतो. तिन्ही रस्ते डॉक्टरांसमोर मांडून बोला, कोणाला औषधांचा रस्ता बरा वाटेल, त्यात काही गैर नाही.

राहिली शेवाळाची कॅप्सूल, आणि मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. हार्मोन आधीच जास्त आहे, त्यात आयोडीन ओतलं तर काही गाठींमध्ये ते आणखी वाढतं. शिवाय ग्रंथी साध्या आयोडीनने भरलेली असली की रेडिओअॅक्टिव्ह आयोडीन फारसं आत शिरत नाही, डोस वाया. म्हणून तर आधी आठ-पंधरा दिवस कमी आयोडीनचं जेवण देतात. तेव्हा असलं काही घेत असाल, किंवा गेल्या काही महिन्यांत कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट दिसायला देतात ते औषध) घालून सीटी स्कॅन झाला असेल (त्यातही भरपूर आयोडीन असतं), तर तारखेसकट आधीच डॉक्टरांना सांगा, गरज पडली तर ते उपचार पुढे ढकलतात.