मोजत होते, काका!

रामबागेपासून लोकमान्यनगरापर्यंत इंदूरच्या मराठी घरांतून सध्या एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं: जुन्या ॲक्शन-कॉमेडी सिनेमांत काळे-गोरे, हिंदू-मुसलमान, बायका-पुरुष सगळे सहज असायचे, कोणी मोजत नव्हतं, हल्ली ओढूनताणून कोंबतात, म्हणून लोक थिएटरकडे फिरकत नाहीत. पुराव्याला हॉलिवूडचा काळा नट एडी मर्फी, ‘अमर अकबर अँथनी’ आणि बसंती. आमच्या एका काकांनी वर ‘प्रत्येक तरुणाने वाचावे’ असं जोडलंय. वाचलं.

आधी मर्फी. ‘४८ अवर्स’ (१९८२) मध्ये निक नोल्टीचा पोलीस त्याला तुरुंगातून बाहेर काढतो, रंगावरून वाट्टेल ते बोलतो आणि पुढे त्याची माफीही मागतो. रंग कोणाच्या खिजगणतीत नव्हता, तर माफी कशाची? ‘बेव्हर्ली हिल्स कॉप’ (१९८४) ची भूमिका आधी गोऱ्या सिल्व्हेस्टर स्टॅलोनकडे होती. तो बाहेर पडला आणि मर्फी आला. त्यातला हॉटेलचा प्रसंग आठवा. बुकिंग नाही, तर हा काउंटरवर आरडाओरडा करतो, मी काळा म्हणून खोली देत नाही का? खोली मिळते. समोरच्यांना नेमकी याच आरोपाची धास्ती नसती, तर तो विनोद उभाच राहिला नसता. शिवाय हा ॲक्शनपटाचा हीरो असून त्याला प्रेमप्रकरण नाही. जेनी नुसती जुनी मैत्रीण. का, ते काकांनीच सांगावं.

‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मलाही पाठ आहे. पण अकबर आणि अँथनी दोघेही जन्माने किशनलालचीच मुलं. ज्या पाद्र्याने अँथनीला वाढवलं, तो मध्येच मारला जातो. सिनेमा गोडच आहे, पण घर एकाच धर्माचं आणि बाकीचे सांभाळणारे.

बसंतीचं उदाहरण मात्र देणाऱ्याच्या अंगावर येतं. आपल्या इंदूरच्या सलीम खान यांनी जावेद अख्तरांबरोबर ‘सीता और गीता’ (१९७२) लिहिला. त्यातली गीता पोलीस ठाण्यात पंख्यावर चढून बसते, घरच्या छळणाऱ्यांना सरळ करते. तीन वर्षांनी ‘शोले’. लेखक तेच, दिग्दर्शक तोच, हेमा मालिनीही तीच. बसंती डाकूंपुढे टांगा भन्नाट पळवते, चाक निखळतं, आणि मग काचांवर नाच. ही पुढची पायरी म्हणायची? हाँगकाँगमध्ये ‘पोलीस स्टोरी ३’ (१९९२) साठी अभिनेत्री मिशेल योने मोटरसायकल धावत्या रेल्वेवर स्वतः उडवली. म्हणजे जमत होतं. कोणी लिहिलं तर.

‘कोंबलं की लोक पळतात’ हे तर हिशेबातच बसत नाही. ‘रश अवर’ (१९९८) मध्ये दोन नायक, जॅकी चॅन आणि ख्रिस टकर; गोरा एकही नाही. जगभरात २४ कोटी डॉलरच्या वर धंदा. एकमेकांच्या वंशावरचे त्यातले काही विनोद आज ऐकवत नाहीत, ते वेगळं. हल्ली काही पात्रं खरंच चिकटवल्यासारखी वाटतात, हेही कबूल. वाईट पटकथा कुठल्या काळात नव्हत्या?

राहिला ‘सगळे सहज असायचे’. ‘शोले’त सूरमा भोपाली आहे, आणि भोपाळवर हसायला इंदूरला निमित्त लागत नाही. आपली, मराठी माणसांची, पाळी आली की मात्र हिंदी सिनेमात तोडकंमोडकं हिंदी बोलणारा हवालदार, नाहीतर धुणीभांडी करणारी बाई. त्यावर काकांनी मागे याच ग्रुपवर चिडून लांबलचक लिहिलं होतं.