हॉररचा ट्रेलर आवाज बंद करून बघू नका

सध्या एक दावा जोरात फिरतोय. हॉरर सिनेमाचा कुठलाही ट्रेलर आवाज बंद करून बघा, म्हणे. कॅमेरा वर आणि बाई खाली. शेवटी पुरुष येऊन वाचवतो. आणि किंचाळायला कायम बाईच. म्हणजे ट्रेलरची सगळी तंत्रं बाईला दुबळी दाखवायलाच घडलेली आहेत. माझ्या मते यातलं निम्मं साफ चूक आहे आणि उरलेलं निम्मं बरोबर असलं तरी भलत्याच कारणासाठी.

आधी ते आवाज बंद करण्याचं. हॉररचा ट्रेलर म्यूट करून तपासणं म्हणजे अर्धा ट्रेलर फेकून देऊन उरलेल्यावर निकाल देणं. 1979 च्या 'एलियन'च्या ट्रेलरमध्ये संवाद जवळजवळ नाहीतच. अंड्याला तडा जातो, आतून उजेड येतो, आणि मग भोंग्यासारखा एक आवाज चढत जातो. धावणारी माणसं, बोळ, दिवे, सगळं त्या आवाजाच्या ठेक्यावर कापलेलं आहे. आवाज काढून घेतलात तर अंगावर येणारं असं फारसं काही उरत नाही. आणि तो भोंगा ना बाईचा, ना पुरुषाचा.

'कॅमेरा वर म्हणजे माणूस दुबळा' हे समीकरण फिल्म शिकवणाऱ्या पहिल्या धड्यात असतं, आणि बरेच जण त्या धड्यावरच थांबतात. 2013 च्या 'द कॉन्ज्युरिंग'च्या ट्रेलरमधला टाळीचा शॉट आठवा. तळघरात अडकलेली आई, हातात पेटलेली काडी. कॅमेरा तिच्या चेहऱ्याच्या पातळीवर, समोरासमोर. काडीच्या उजेडात तेवढा चेहरा दिसतो आणि बाजूला नुसता काळोख सोडलेला आहे. ती पुढे बघते आहे. आपली नजर मात्र त्या रिकाम्या काळोखावर खिळते, कारण तिथे काहीतरी येणार हे आपल्याला कळून चुकलेलं असतं. मग तिथूनच दोन हात बाहेर येतात आणि टाळी वाजते. भीती इथे सोडलेल्या जागेतून येते. तिच्या जागी दाढीवाला बाप्या बसवला तरी शॉट तितकाच चालेल.

खरं बोट ठेवायचं होतं ते दुसऱ्याच शॉटवर: दाराआडून, खिडकीतून, कानाशी कुणाचा तरी श्वास ऐकू येत असताना एकटीकडे बघणारा कॅमेरा. तिथे प्रेक्षक शिकाऱ्याच्या जागी बसतो. सिनेमाच्या अभ्यासक लॉरा मल्व्हीने सिनेमातल्या पुरुषी नजरेबद्दल 1975 साली लिहिलं, ते अशा शॉटला चपखल लागू पडतं. पण हा कॅमेरा वरून बघत नाही, चोरून बघतो. दाव्यात नेमका तोच निसटलाय.

पुरुष वाचवतो, हा मुद्दा फार वेळ घेण्यासारखा नाही. हॉररच्या अभ्यासक कॅरोल क्लोव्हरने 1987 मध्येच 'फायनल गर्ल' हा शब्द रुजवला: सगळे मेल्यावर उरणारी, मारेकऱ्याला तोंड देणारी मुलगी. (1978 च्या 'हॅलोवीन'मध्ये मारेकऱ्यावर शेवटच्या गोळ्या डॉक्टर लूमिस हा पुरुषच झाडतो, हे कबूल.) ट्रेलरमध्ये ती उरलेली दिसत नाही, कारण ती उरते हाच शेवट असतो आणि शेवट फोडला तर तिकीट कोण काढणार? 'एलियन'च्या श्रेयनामावलीतही पहिलं नाव टॉम स्केरिटचं होतं, शेवटी वाचणाऱ्या सिगर्नी वीव्हरचं दुसरं. कोण वाचणार याचा पत्ता लागू द्यायचाच नव्हता.

राहिली किंचाळी. यामागे एक रुक्ष कारण आहे. अमेरिकेत सरसकट सगळ्यांसमोर दाखवायच्या ट्रेलरमध्ये रक्त आणि जखमा दाखवण्यावर कडक बंधनं असतात. सुरी उगारलेली दाखवता येते, लागलेली नाही. मग वार झाला हे सांगायचं कसं? चेहऱ्यावरून. उघडं तोंड, विस्फारलेले डोळे, कट, काळा पडदा. जखमेचं काम चेहरा करतो.

पण तो चेहरा बाईचाच का, याचं उत्तर कुठल्याही नियमात नाही, आणि इथे मी दाव्याच्या बाजूला जातो. 1960 च्या 'सायको'चा ट्रेलर सहा मिनिटांहून मोठा आहे. दिग्दर्शक हिचकॉक स्वतः घर नि मोटेल फिरवून दाखवतो, अगदी घर भाड्याने द्यायला आलेल्या एजंटासारखा. शेवटी न्हाणीघरात येतो, पडदा सर्रकन ओढतो आणि आत एक बाई किंचाळते. सिनेमात तिथे जॅनेट ली आहे. ट्रेलरमध्ये किंचाळते ती व्हेरा माइल्स, डोक्याला केसांचा टोप लावून. सिनेमात तिच्या वाट्याला तो शॉवर येतही नाही. एकीच्या जागी दुसरी उभी केली तरी बघणाऱ्याचं काही अडलं नाही. ट्रेलरला ती व्यक्ती नकोच होती, बाईचं उघडं तोंड हवं होतं. दावा करणाऱ्यांनी कॅमेऱ्याच्या उंचीऐवजी हा टोप पुढे केला असता तर मला हा लेख लिहायचं कारण उरलं नसतं.

आणि पुरुषाच्या चेहऱ्यावर हे काम होत नाही असंही नाही. 2017 च्या 'गेट आउट'च्या ट्रेलरमधून लक्षात राहतात ते खुर्चीत खिळलेल्या डॅनियल कलूयाचे टक्क उघडे डोळे आणि गालावरून ओघळणारं पाणी. तो किंचाळतसुद्धा नाही.