बारा ब्लॉक, बारा भानगडी

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात माझ्या नावाने एक जाडसर पाकीट येतं आणि मी ते आधी लपवते, घरात सामसूम झाली की मग उघडते. आत बेकायदेशीर काही नसतं हो. कापडाचे पाच-सहा तुकडे, एक छापील कागद आणि तयार ब्लॉकचा एक इवलासा फोटो. पण "अजून एक?" हे आमच्याकडे ज्या सुरात विचारतात ना, तो सूर ऐकण्यापेक्षा पाकीट उशीच्या खोळीत सरकवणं परवडतं.

ज्यांना हा रोग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एका अख्ख्या क्विल्टचे, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून केलेल्या गोधडीचे, बारा चौकोन करायचे, त्या एकेका चौकोनाला ब्लॉक म्हणायचं, आणि क्लबची वर्गणी भरली की महिन्याला एका ब्लॉकचं कापड आणि कृती घरपोच येते. वर्षाच्या शेवटी बारा चौकोन जोडले की झाली क्विल्ट तयार. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं बघा. मी पण हिशोब केला, एक ब्लॉक म्हणजे एका रविवारचं काम, महिन्यात रविवार चार, म्हणजे तीन रविवार नुसते वाया चाललेत. म्हणून दुसरा क्लब लावला. तरी दोन उरले म्हणून तिसरा लावला, आणि चौथा रविवार झोपायला ठेवला. आजवर फक्त चौथा रविवार ठरल्याप्रमाणे पार पडलाय.

आणि हे खूळ काही आजचं नाही. अमेरिकेत कॅन्सस सिटी स्टार नावाच्या पेपरने १९२८ साली क्विल्ट ब्लॉकचे नमुने छापायला सुरुवात केली आणि ते १९६१ पर्यंत छापत राहिले, बायका ती कात्रणं कापून जपून ठेवायच्या. त्यातले शिवले किती हे विचारायचं नाही. कात्रणं जपणं हेही एक कामच आहे, मी तर म्हणेन मुख्य काम तेच.

क्लबवाले मात्र भलते हुशार असतात. पहिल्या महिन्यात नऊ चौकोनांचा ब्लॉक पाठवतात, तो डोळे मिटून पण शिवता येतो, आणि आपल्याला वाटतं अरेच्चा, आपण तर उपजत कलाकार आहोत, इतकी वर्षं कुठे होतो आपण! दुसऱ्या महिन्यात हळूच त्रिकोण येतात. चौथ्या महिन्यात फ्लाइंग गीज, म्हणजे उडते हंस, एका मोठ्या त्रिकोणाच्या दोन्ही खांद्यांवर दोन छोटे त्रिकोण. त्या मोठ्या त्रिकोणाचं टोक शिवणीत जाऊ द्यायचं नाही, तीच हंसाची चोच. माझ्या ब्लॉकमधले सगळे हंस बिनचोचीचे आहेत. सहाव्या महिन्यात वाय सीम येते, तीन शिवणी एका टिंबावर येऊन भेटतात आणि मशीन बरोब्बर त्या टिंबावर थांबवावी लागते, ना एक टाका मागे ना एक टाका पुढे. तोवर वर्षाची वर्गणी कापली गेलेली असते आणि तुम्ही मशीनपुढे बसून सीम रिपर, म्हणजे शिवण उसवायचं अवजार, शोधत असता.

खरं दुखणं मात्र मायेचं आहे. शिवणीसाठी कडेला जे कापड सोडतात त्याला आपण माया म्हणतो, आणि क्विल्टमध्ये ही माया पाव इंच, म्हणजे दोन सूत. पण पूर्ण पाव पण नाही बरं का, पावाला किंचित कमी, कारण शिवण दुमडली की घडीत धागा-दोन धागे कापड जातं. किंचित म्हणजे किती? कागदावर लिहिलेलं असतं, एक-दोन धागे. आता मी चष्मा लावून धागे मोजू की मशीन चालवू? शिवाय मी स्वभावाने मायाळू, माझ्याकडून माया जास्तच सुटते. शिवण अर्धं सूत आत गेली की दोन्ही तुकड्यांतून अर्धं-अर्धं जातं, म्हणजे एका शिवणीला एक सूत. ब्लॉकमध्ये अशा तीन शिवणी आडव्या. गेलं की तीन सूत! साडेबारा इंच भरायला हवा तो ब्लॉक माझ्याकडे सव्वाबाराला एक सूत कमी भरतो. जास्त मायेने लेकरं बिघडतात म्हणतात, ब्लॉकचं पण तेच आहे.

मग सुरू होतं उसवणं. याचं एक तंत्र आहे आणि मी त्यात आता इतकी तयार झालेय की त्याचे क्लासेस घेईन. एका बाजूने दर चौथा टाका कापत जायचा, मग कापड उलटं करून मागचा दोरा धरून ओढायचा, तो सर्रकन अख्खा निघून येतो आणि त्यात जे समाधान आहे ते शिवण्यात नाही, खरंच सांगते. वरच्या बाजूला मात्र कापलेल्या टाक्यांचे बारीक बारीक तुकडे राहतात, ते चिमटीने वेचायचे, उरलेले गाऊनला चिकटतात, आणि मी दार उघडायला गेले की समोरच्याला कळतं की बाईंचा आज रविवार आहे.

बरं उसवलं म्हणून सुटका होते का, तर नाही. त्रिकोणाची जी तिरकी कड असते ती उरेब, ती उसवताना ताणली जाते आणि इस्त्रीखाली आणखी पसरते. म्हणून क्विल्टमध्ये इस्त्री फिरवायची नसते, ठेवायची आणि उचलायची, ठेवायची आणि उचलायची. पण जिने जन्मभर शर्टांवर इस्त्री फिरवली तिचा हात ऐकतो होय? एकदा फिरली आणि माझा चौकोन पतंग झाला.

दुसऱ्या क्लबची तऱ्हा वेगळी. तिथे प्रत्यक्ष जायचं असतं. महिन्यातून एकदा सकाळी जमायचं, मागच्या महिन्याचा ब्लॉक पुरा करून दाखवायचा, दाखवला तर पुढचा फुकट, नाही दाखवला तर पैसे भरा. फुकट हा शब्द ऐकल्यावर मी विचार करणं सोडून देते. पहिले तीन महिने मी ब्लॉक आदल्या रात्री दोन वाजता शिवला, चौथ्या महिन्यात त्याच दिवशी पहाटे, आणि पाचव्या महिन्यात अक्षरशः इस्त्रीवरून गरमागरम उचलून पिशवीत घालून पळाले. तिथे ओळीने ब्लॉक मांडतात. माझ्या शेजारी ज्या काकू बसतात त्यांच्या चांदणीची आठही टोकं अशी शाबूत की हात लावला तर बोट कापेल. माझ्या ब्लॉककडे त्यांनी मान एकदा डावीकडे एकदा उजवीकडे करून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, हा कोपरा मुद्दाम उलटा लावलास का? छान वेगळं दिसतंय." मी म्हटलं, हो काकू, मुद्दामच. घरी येऊन बघते तर खरंच एक कोपरा उलटा, आणि मला तोवर पत्ताच नाही! पण पुढचं पाकीट फुकट मिळालं, नियमात कोपरा सुलटा हवा असं कुठे लिहिलं नव्हतं.

तिसरा क्लब मिस्टरी क्विल्टचा. यात पूर्ण क्विल्ट कशी दिसणार ते सांगतच नाहीत, दर महिन्याला एक धागादोरा मिळतो, खून झाल्यासारखा. पहिल्या महिन्यात सांगितलं ९६ त्रिकोणांच्या जोड्या शिवून ठेवा. का, कशाला, विचारायचं नाही. घरात विचारायचे, "काय बनतंय?" मी म्हणायचे, "माहीत नाही." त्यांना वाटायचं मी टाळतेय, आणि आमच्या संसारात मी इतकं खरं उत्तर क्वचित दिलं असेल. पुढे तिथे पेपर पीसिंग आलं, म्हणजे नमुना कागदावर छापायचा, कापड कागदाच्या मागे धरायचं आणि पुढून छापील रेघेवर शिवायचं, त्यामुळे तयार ब्लॉक आरशात बघितल्यासारखा उलटा येतो. टाका एकदम बारीक ठेवायचा म्हणजे शेवटी कागद नीट फाटतो. मी सगळं केलं हो, मन लावून केलं. फक्त प्रिंटरने नमुना आपल्या मनाने "पानात बसवून" छापला होता. कोपऱ्यात एक इंचाचा चौकोन दिलेला असतो, आधी तो पट्टीने मोजायचा म्हणून. मी पण मोजला, चारही ब्लॉक शिवून झाल्यावर.

अशा वेळी मला जेन स्टिकल आठवतात. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या या बाईंनी १८६३ साली, तिकडे यादवी युद्ध चालू असताना, एक क्विल्ट पुरी केली. साडेचार इंचांचे १६९ ब्लॉक आणि कोपऱ्यात शिवून ठेवलंय, युद्धकाळात १८६३, तुकडे ५६०२. बाईंनी तुकडे मोजले होते! माझ्याकडे मशीनला लावायचा पाव इंच शिवणीचा खास फूट आहे, फिरती ब्लेड आहे, रेघा मारलेली मॅट आहे, दिवा असलेलं भिंग आहे, आणि बाईंकडे ठरावीक तारखेला येणारं पाकीट नव्हतं, एवढाच काय तो फरक. ती क्विल्ट आता बेनिंग्टनच्या म्युझियममध्ये आहे, नाजूक झालीय म्हणून वर्षातले थोडेच आठवडे बाहेर काढतात. माझे ब्लॉक पण मी फारसे बाहेर काढत नाही, तिथे मात्र प्रकृती माझी नाजूक असते.

आणि मग बारावा महिना. पहिल्या क्लबचं शेवटचं पाकीट आलं, त्यात अभिनंदनाचं पत्र. मला वाटलं चला, गंगेत घोडं न्हालं. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, दोन ब्लॉकच्या मध्ये लावायच्या पट्ट्या, बॉर्डर, मागचं अस्तर आणि कडेची मगजी यांचं कापड वर्गणीत धरलेलं नाही, फिनिशिंग किट वेगळं घ्यावं. आतला कापूस तर कुणाच्या खिजगणतीतच नाही! म्हणजे वर्षभर मी ज्याला क्विल्ट म्हणत होते ते नुसते वरच्या थराचे चौकोन होते. किट मागवलं (हो, मागवलं, असं काय बघता), तर पांढरा रंग वेगळ्या लॉटचा आला. दुकानात दोन्ही पांढरेच दिसतात, शेजारी ठेवले की एक दुधाचा आणि एक दाताचा.

शेवटी एका रविवारी, चौथ्या, मी छातीठोकपणे सगळे तयार ब्लॉक जमिनीवर मांडले. तीन क्लबचे मिळून सतरा झाले. पट्टी घेऊन बसले तर बारा, सव्वाबारा, पावणेतेरा, आणि एक नुसता तेरा, तो पतंग. जोडायचे तर सगळे एका मापाचे हवेत, आणि लहान ब्लॉक काही मोठा होत नाही, म्हणून त्यातल्या त्यात बऱ्या चारांना सगळ्यात बारक्याच्या मापाने कापलं. तेवढ्यात माझ्या एकमेव टोकं शाबूत असलेल्या चांदणीची टोकं गेली. माझ्या तोंडून जे निघालं ते ऐकून घरातले दोघं दारात येऊन उभे राहिले, आणि त्या दिवसापासून लपवायला काही उरलं नाही, कारण जमिनीवर सगळंच पसरलेलं होतं, उशीच्या खोळीसकट.

कुणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं. नवऱ्याने फक्त विचारलं, "हे कुणाला पुरणार?" चार ब्लॉक, दोन बाय दोन, पलंगाला नाही, मांडीला नाही, बाळ आमच्या घरात आता कुणी नाही. मी चारही जोडून टाकले, इकडे तिकडे बघितलं आणि ती इवलीशी क्विल्ट उचलून मशीनवर टाकली. बरोब्बर बसली! जणू तिच्याच मापाने शिवली होती. आता धूळ बसत नाही, दिसतं पण छान, फक्त नवीन पाकीट आलं की आधी ती काढून घडी करून ठेवावी लागते, आणि ठेवायला जागा एकच, न उघडलेल्या पाकिटांच्या खोक्यावर.