पाच एचपीची मोटार

परवा साडूच्या मुलीच्या साखरपुड्याला मालेगावला गेलो, ते एसटीनं. चांदवडपर्यंत उभ्यानं. बायको पैठणीत, तिच्या हातात आहेराची पिशवी आणि चेहऱ्यावर मौन. आमची इलेक्ट्रिक गाडी कुठं होती? नाशिकला इंदिरानगरात, पार्किंगमध्ये, वायर लावून आरामात बसलेली. रात्री लावली तेव्हा बॅटरी २४ टक्के, पहाटे सहाला ३१. पेटीतला एमसीबी, म्हणजे भार झेपेनासा झाला की आपोआप बंद होणारा स्विच, पडलेला. त्या आठवड्यात तिसऱ्यांदा.

गाडीच्या स्क्रीनवर चार्जिंग करंटचे तीन आकडे आहेत : ६, १० आणि १६ अँपिअर. शोरूममधला मुलगा म्हणाला होता, ‘‘सर, सोळावरच ठेवा, फास्ट होतं.’’ इलेक्ट्रिशियन म्हणाला, कंपनीला विचारा. कंपनीचं पुस्तक म्हणतं, इलेक्ट्रिशियनला विचारा. त्याच पुस्तकात कप ठेवायच्या खाचेला चित्रासकट अख्खं पान आहे.

पडलेल्या एमसीबीकडे बघत उभा होतो तेवढ्यात तळमजल्यावरचे नाना आले. बनियन, लुंगी, हातात दुधाची पिशवी. नाना मूळचे दिंडोरीकडचे, द्राक्षबाग अजून आहे. जगातल्या कुठल्याही अडचणीचं मूळ ते विहिरीवरच्या मोटरीत शोधतात. सुनेचं सिझेरियन का झालं, हेसुद्धा त्यांनी मला एकदा फूटव्हॉल्व्हवरून समजावलं होतं.

‘‘किती एचपीची हाये?’’

‘‘नाना, ही कार आहे.’’

‘‘मोटारच ना? मग एचपी सांग.’’

‘‘एचपी नाही. सोळा अँपिअर घेते.’’

‘‘आन् व्होल्टेज?’’

‘‘दोनशे तीस.’’

नानांनी दुधाची पिशवी माझ्या बॉनेटवर ठेवली. थेट बॉनेटवर. डोळे मिटले, ओठ हलले. ‘‘छत्तीसशे ऐंशी वॅट. म्हंजे पाच एचपी. आरं, पाच एचपीला मी थ्री फेज घेतलाय, जाड केबल टाकलीये, स्टार्टर बसवलाय. तू ती गिझरच्या पिनीवर चालवतोस? तीबी रातभर?’’

मी म्हणालो, तो पॉइंट सोळा अँपिअरचाच आहे. त्यावर ते ज्या नजरेनं बघत राहिले, ती नजर मी दहावीच्या निकालानंतर पाहिली नव्हती. ‘‘गिझर पंधरा मिनिटं चालतो. ही सहा-सात तास वढणार. हात लाव पिनीला.’’

लावला. एव्हाना गार झालेली, पण टोकाशी प्लास्टिक पिवळं पडलेलं. एप्रिलचा उकाडा, पत्र्याची बंद पेटी, वर पूर्ण सोळाचा भार. एमसीबी आत तापतो आणि पाऊण तासात मान टाकतो. बिघडलेला नव्हताच तो बिचारा, नेमकं काम करत होता. आणि मी त्याच्या जागी बत्तीस अँपिअरचा बसवायला निघालो होतो! म्हणजे एमसीबी पडला नसता, आतली वायर जळाली असती.

‘‘तीन एचपीवर आण,’’ नाना म्हणाले.

घरी येऊन कॅलक्युलेटर काढला. १० अँपिअर गुणिले २३० म्हणजे २३०० वॅट. तीन एचपी म्हणजे २२३८. मला राग आला तो इथे. माणसानं इतकं बरोबर असू नये, निदान लुंगीत तरी. वर आणखी हे की, उष्णता करंटच्या वर्गानं वाढते. सोळाचे दहा केले की पिनीतली उष्णता चाळीस टक्क्यांच्याही खाली येते. लाखांच्या गाडीबरोबर एवढी दोन वाक्यं सांगायला कुणाचं काय जात होतं? मॅटचे पैसे मात्र वेगळे लावले.

आता रात्री नऊला दहा अँपिअरवर लावतो, सकाळपर्यंत माझ्या जाण्यायेण्यापुरती भरते. नवीन सॉकेट टाकलं, जाड वायर ओढली, अर्थिंग तपासून घेतलं. झालं, एवढंच होतं.

पण नाना रोज साडेनऊला खाली येतात. आजारी पोराचं कपाळ बघावं तसा उलटा हात पिनीला लावतात आणि तिथूनच, तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडतात, ‘‘ताप नाही!’’

काल समोरच्या विंगमधल्या दोघी बायकोला विचारत होत्या, घरात कोण आजारी आहे म्हणून.