शेवटचं मेलेलं झाड कुठलं?

इंदूरच्या राजेंद्रनगरातलं आमचं जुनं घर पाडून तिथे मल्टी, म्हणजे फ्लॅटची इमारत, उभी राहतेय. आठ फ्लॅट. तीन आमचे आणि दोन्ही दिरांचे, पाच विकायचे. त्यातले तीन गेले, दोन उरलेत, आणि घरातल्यांच्या मते ते माझ्यामुळे उरलेत.

कारण येईल त्याला मी बागेचं विचारते. दलाल तर पहिल्याच दिवशी म्हणाला, "भाभीजी, लोग पार्किंग पूछते हैं, आप फूल-पत्ती पूछ रही हो!" त्याचंही चूक नाही. पण मागच्या बाजूची जमीन आम्ही मुद्दाम उघडी सोडलीय, पेव्हर बसवलेले नाहीत. कोपऱ्यात सासूबाईंचा पारिजातक आहे. घर पाडताना जेसीबीवाल्याच्या तावडीतून तो सुटावा म्हणून दोन दिवस तिथे खुर्ची टाकून बसले होते मी. उद्या चार घरांत दुसरी कार आली की मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणणारच, "तिथे दोन गाड्या आरामात बसतील." हात वर झाले की झाड गेलं. मग भांडत बसण्यापेक्षा आत्ताच माणसं पारखून घेतलेली काय वाईट?

"बाग आवडते का?" हा प्रश्न मात्र बिनकामाचा. आजवर एकानेही नाही म्हटलेलं नाही. बाग सगळ्यांनाच आवडते, बाल्कनीतून. म्हणून मी विचारते, "तुमच्या हातून मेलेलं शेवटचं झाड कुठलं?"

हौस नसलेला माणूस यावर बायकोकडे बघतो. एक जण छाती काढून म्हणाले, "आमच्याकडे झाडं मरत नाहीत, माळी येतो." चहा पाजून निरोप दिला.

दुसऱ्या मजल्यावर आता जे काका येताहेत त्यांनी मात्र क्षणात सांगितलं, कढीपत्ता. शेतातली काळी माती नुसतीच कुंडीत भरली होती. आपली माळव्याची माती सोयाबीनला चांगली, पण कुंडीत तिचं वागणं वेगळं. भिजली की फुगते, वाळली की विटेसारखी आवळून कडेपासून सुटते. काका रोज तांब्याभर पाणी घालायचे, ते त्या फटीतून सरळ खालच्या भोकातून बाहेर. यांना वाटायचं, झाड पोटभर प्यायलं. शेवटी कुंडी उपडी केली तर मधला गड्डा ठणठणीत कोरडा! सांगताना त्यांनी दोन्ही हातांनी तो गड्डा दाखवला. काकू म्हणाल्या, "आठ दिवस जेवताना तोच विषय." मी तिथेच होकार दिला. ते कुठल्या जातीचे, घरात काय शिजतं, हे काहीच विचारलं नाही, याचा दलालाला धक्का बसला. त्याची सुरुवातच तिथून होते ना.

माझा दुसरा प्रश्न असतो, ओल्या कचऱ्याचं खत उलटायला कोण येणार? 2017 पासून स्वच्छतेत नंबर पहिला असल्यामुळे इंदूरकराला ओला-सुका शिकवावा लागत नाही. पण भाजीची सालं कचरागाडीत टाकायची आणि नर्सरीतून खताची पिशवी विकत आणायची, हे मला पटत नाही. तेही या गावात! अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ 1924 ते 1931 इथल्या 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री' या पीक-संशोधन संस्थेत होते. त्यांनी आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी पालापाचोळा, शेण, माती, राख यांचे थर लावून, अधूनमधून उलटून, तीनेक महिन्यांत खत करायची रीत बसवली. जगात तिला 'इंदूर पद्धत' म्हणतात. त्या जागेवर आज शेतकी कॉलेज आहे, आणि आमची मंडळी वास येईल म्हणून नाक मुरडतात. (शिजलेलं अन्न टाकलं नाही आणि वर सुका पाला पसरला तर वास येत नाही. जाऊबाईंसाठी पुन्हा एकदा लिहिलं.)

अतिहौशीही नकोत बरं का. एका गृहस्थांना अख्ख्या गच्चीवर फूटभर माती पसरून मेथी लावायची होती. आमच्या इंजिनिअरने हिशेब मांडला: फूटभर ओली माती म्हणजे चौरस मीटरला पाचशे किलोच्या घरात, आणि साधी गच्ची माणसांच्या वावरासाठी धरतात ती दीडशे किलोला. त्यांना कुंड्या सुचवल्या, तर रुसून गेले. जाऊ देत. मेथी चुकली, स्लॅब वाचला.

आणि कुंड्यांखालच्या बशा आठवड्यातून एकदा ओतायच्याच, डेंग्यूचे डास तेवढ्यात तयार होतात. ही एकच अट मी कागदावर लिहून घेणार आहे.

तर तिसऱ्या मजल्यावरचे दोन फ्लॅट बाकी आहेत. बघायला सकाळी साडेआठनंतर या, त्याआधी मी पाणी घालत असते. नळाला नर्मदेचं पाणी यायचा दिवस असेल तर साडेनऊ धरा.