स्काउटांनी एकमेकांना काय सांगावं? फोंड्याच्या वाचकाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

बेसबॉलच्या स्काउटांवरील, म्हणजे संघासाठी नवे खेळाडू हेरणाऱ्यांवरील लेखात मी "सगळी माहिती वाटून घ्यावी" असं म्हटलं होतं. त्याखाली तुम्ही लिहिलंत, "पगार एका संघाचा घ्यायचा आणि माहिती दुसऱ्याला पुरवायची, ही बेईमानी झाली. गोव्यातल्या फुटबॉल क्लबांना हा सल्ला देऊ नका." तुमचा राग निम्मा रास्त आहे, आणि तो निम्मा भाग मी लेखात वेगळा काढायला हवा होता.

आधी घड्याळाचं बघू. होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागेच्या मागे वेगवेगळ्या संघांचे स्काउट शेजारीशेजारी बसतात. चेंडू बॅटला लागला की घड्याळ सुरू, पहिल्या बेसवर, म्हणजे धावून गाठायच्या पहिल्या टप्प्यावर पाय पडला की बंद. उजव्या फलंदाजाला साधारण ४.३ सेकंद, डावखुऱ्याला ४.२ ही सरासरी धाव. पण काही डावखुरे फटका पुरा व्हायच्या आतच बेसकडे झुकून सुटतात. त्याला 'जेलब्रेक' म्हणतात; तेव्हा आलेले ४.० सेकंद हा त्या मुलाचा खरा वेग नव्हे. इथे एक दशांश सेकंदाने श्रेणी बदलते आणि अंगठा तर सगळ्यांचाच चुकतो. म्हणून "तुझं किती आलं?" हे तिथे सर्रास विचारलं जातं. त्या धावेला स्काउटांच्या २० ते ८० गुणांच्या मापात ५० द्यायचे की ६०, हे मात्र ज्याच्या त्याच्या वहीत राहतं.

ते मत म्हणजे संघाची मालमत्ता, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजच्या संगणकात शिरून अशी टिपणं चोरणाऱ्या सेंट लुइस कार्डिनल्सच्या माजी स्काउटिंग संचालकाला २०१६ साली ४६ महिन्यांची कैद झाली.

दुखापतीची गोष्ट निराळी. अमेरिकेतल्या 'पिच स्मार्ट' नियमावलीनुसार १५-१६ वर्षांच्या मुलाने दिवसाला ९५ पेक्षा जास्त चेंडू टाकायचे नसतात, आणि ७६ किंवा जास्त टाकले तर ४ दिवस विश्रांती. गुरुवारी एका मैदानावर ९० चेंडू टाकलेला मुलगा शनिवारी दुसऱ्या स्काउटसमोर उभा राहिला, तर त्याचा मंदावलेला वेग हीच त्याची कुवत समजली जाते. वर कोपराचा स्नायुबंध धोक्यात. गुरुवारचा आकडा दडवून कोणत्या संघाचं भलं होतं, ते मला खरंच कळत नाही.

खेळाडूच्या किमतीच्या बाबतीत मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. १९८७ च्या मोसमानंतर बेसबॉल संघमालकांनी एक 'माहिती बँक' काढली. करारमुक्त खेळाडूला कोणी किती देऊ केले, ते त्यात एकमेकांना कळवायचे. १९९० साली लवादाने ती बेकायदा ठरवली. त्याआधीच्या दोन मोसमांतल्या संगनमतासकट मालकांना २८ कोटी डॉलर मोजावे लागले. मानकुराद आंबा घेणारे दलाल आपसात भाव ठरवूनच बागेत आले, तर बागायतदाराच्या हाती काय उरणार?

आता आपल्याकडचं फुटबॉल. ३० मीटर धावेची वेळ हाताने घेतली की विजेच्या यंत्रापेक्षा साधारण दोन दशांश कमी भरते. घड्याळ शिट्टीवर सुरू केलं तर मुलाची प्रतिक्रियाही त्यात मोजली जाते. मागचा पाय हलला की दाबायचं. ऑगस्टात मैदान भिजलेलं असतं, तेव्हा आकड्याशेजारी मैदान, वारा आणि बूट लिहिलेच पाहिजेत, नाहीतर दुलेरच्या मैदानावरचा आकडा फातोर्ड्याच्या मैदानावरच्या आकड्याशी ताडून काहीच हाती लागत नाही. वयाचंही तसंच. हाडांवरून वय बघायला डाव्या मनगटाचा एक्स-रे काढतात. तीन क्लबांनी एकाच मुलाला तीनदा त्या यंत्राखाली बसवू नये. पालकांची लेखी संमती घेऊन एकच अहवाल तिघांनी वाचावा.

"सगळी माहिती वाटून घ्यावी" हे लेखातलं वाक्य मी आज काढलं आहे. तिथे आता वेळ, वय आणि दुखापत एवढंच आहे.